ऑटोइम्यून आजार असताना लस घ्यावी का? निर्णय घेण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

ल्युपस, आमवात, सोरायसिस, क्रोन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, हाशिमोटो थायरॉइड. यांतलं काही मागे लागलं की लसीचा विषय निघताच मनात गोंधळ सुरू होतो. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटलेली असताना तिला लसीने आणखी डिवचायचं कशाला? दुसरीकडे औषधांनी तीच प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली असते, त्यामुळे साधा फ्लूसुद्धा छातीत उतरेल ही भीती. एक डॉक्टर 'घ्या' म्हणतात, लस टोचणारी परिचारिका 'तुम्हाला चालत नाही' म्हणून परत पाठवते, आणि माणूस विषय पुढे ढकलतो. यात मोठं नुकसान होतं. लस सगळ्यात चांगली लागू पडते ती जोरकस औषधं सुरू होण्याआधी, आणि नेमके तेच आठवडे हातचे जातात.

'लस घेऊ की नको' या एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. कोणती लस, कोणत्या औषधांवर असताना, आणि कधी, असे त्याचे तुकडे पाडले की बहुतेक उत्तरं समोर येतात. ते तुकडे कसे पाडायचे हे इथे क्रमाने मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. पुढे औषध थांबवण्याचा किंवा डोस पुढे ढकलण्याचा उल्लेख येईल. तो वाचून आपल्या मनाने काहीही बंद करू नका. स्टेरॉइड तर मुळीच नाही. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक सोडलं तर जिवावर बेतू शकतं.

पहिला टप्पा: औषधांची यादी

आजाराचं नाव नंतर बघू. लसीच्या निर्णयात जास्त वजन औषधांना असतं. एकाच आमवाताचे दोन रुग्ण घ्या. एक नुसतं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतो, दुसऱ्याला दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबची सलाइन लागते. दोघांना एकच सल्ला लागू पडणार नाही.

काही औषधं प्रतिकारशक्ती दाबतच नाहीत, किंवा लसीच्या बाबतीत मोजावी इतकी दाबत नाहीत. टाइप १ मधुमेहातलं इन्सुलिन, थायरॉइडची रोजची गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलझिन, मेसालामिन, त्वचेवर लावायची मलमं, सांध्यात घेतलेलं एखादं इंजेक्शन ही त्यातली. सिलिॲकमध्ये, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या आजारात, फक्त पथ्य पाळणारे लोकही याच गटात येतात. तुमची यादी इथेच संपत असेल तर लसीकरणाचे नियम जवळजवळ इतरांसारखेच आहेत. 'ऑटोइम्यून' हा शब्द ऐकून तुम्हाला कुणी सरसकट नाही म्हणत असेल, तर कारण विचारा.

पुढचा गट मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, लेफ्लुनोमाइड आणि कमी डोसातलं स्टेरॉइड यांचा. इथे साध्या लसी चालतात, जिवंत लसींना मात्र थांबावं लागतं.

त्यापुढे जोरकस औषधं: ॲडॅलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफ (दाह वाढवणारं एक प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं, टोफासिटिनिब आणि बॅरिसिटिनिबच्या गोळ्या, मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड, रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चालू असेल तर तेही याच गटात धरतात. गोळी वेगळी असेल तर हिशेब बदलतो: प्रेडनिसोलोनचे २० मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे साधारण १६ आणि डेक्सामेथासोनचे साधारण ३ मिलिग्रॅम. नुसता आकडा बघून 'माझा डोस कमीच आहे' असं ठरवू नका.

कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, डोस आणि कधीपासून सुरू आहे ते लिहा. सलाइनमधून किंवा महिन्यांच्या अंतराने मिळणारं औषध असेल तर शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला आणि पुढचा कधी आहे हेही. या दोन तारखांवर पुढचं बरंच काही ठरतं. प्लीहा काढलेली असेल किंवा नीट काम करत नसेल तर ते ठळक लिहा. ल्युपस आणि सिलिॲकमध्ये काही रुग्णांची प्लीहा शाबूत असूनही मंदावते, आणि मग न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूचा धोका वाढतो.

दुसरा टप्पा: लस जिवंत आहे की नाही

जिवंत लसीत जंतू दुबळा केलेला असतो, पण तो शरीरात वाढू शकतो. निरोगी माणसात तो थोडा वाढतो आणि आटोक्यात येतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात मात्र तो आवरला न जाण्याची शक्यता असते. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर (यलो फीवर), बीसीजी, तोंडावाटे द्यायची पोलिओची लस, रोटाव्हायरस, टायफॉइडची तोंडाने घ्यायची कॅप्सूल आणि नाकात फवारायची फ्लूची लस या जिवंत लसी आहेत.

बाकीच्या बहुतेक लसींमध्ये जंतू मेलेला असतो, किंवा त्याचा एखादा तुकडा, किंवा तो तुकडा बनवण्याची सूचना. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू), धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, रेबीज, टायफॉइडचं इंजेक्शन, पोलिओचं इंजेक्शन, कोविडच्या एमआरएनए लसी यांपैकी कोणतीही लस तुम्हाला तो आजार देऊ शकत नाही, तुमची प्रतिकारशक्ती कितीही दबलेली असो. इथे काळजी एवढीच, की ती पुरेशी काम करेल ना.

नागिणीच्या लसीत लोक हमखास गोंधळतात, कारण तिचे दोन प्रकार निघाले. जुनी लस जिवंत होती. नवी, शिंग्रिक्स, विषाणूच्या एका प्रथिनापासून बनवलेली आहे, जिवंत नाही. 'नागिणीची लस तुम्हाला चालत नाही' असं कुणी म्हटलं तर ते कोणत्या लसीबद्दल बोलत आहेत हे विचारून घ्या.

तिसरा टप्पा: भीती नीट तपासा

लसीने आजार उचल खाईल का, आणि लसीमुळे नवा ऑटोइम्यून आजार होऊ शकतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही रास्त आहेत. ते विचारणाऱ्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही.

आधी दुसरा प्रश्न. हो, काही लसींनंतर काही ऑटोइम्यून घटना खरोखर घडल्या आहेत. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध दिलेल्या लसीनंतर गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार, सुमारे १ लाख लोकांमागे एक जास्तीचा, इतका वाढला. नंतरच्या फ्लूच्या लसींमध्ये हा जास्तीचा धोका आढळला तेव्हा तो १० लाख डोसमागे एक-दोन इतका होता. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर साधारण ३० ते ४० हजार डोसमागे एकाच्या प्लेटलेट्स तात्पुरत्या घसरतात. २००९-१० मध्ये पँडेम्रिक्स या फ्लूच्या लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांत नार्कोलेप्सीचे, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढलेले दिसले. हे सगळं नोंदलेलं आहे.

पण त्याच पानावर दुसरी बाजूही लिहावी लागते. गियाँ-बारे फ्लूच्या संसर्गानंतर होतो, आणि तो धोका लसीपेक्षा मोठा आहे. प्लेटलेट्स गोवर आणि रुबेलाच्या आजारातही पडतात. काही भीती तपासल्यावर टिकल्याही नाहीत. हिपॅटायटिस बीच्या लसीने मल्टिपल स्क्लेरोसिस होतो या शंकेवरून फ्रान्सने १९९८ साली शाळांमधलं ते लसीकरण थांबवलं होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत ना लसीचा आणि आजार होण्याचा संबंध दिसला, ना लसीनंतर आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

आता आजार उचल खाण्याबद्दल. फ्लू, न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी यांसारख्या जिवंत नसलेल्या लसींवर आमवात आणि ल्युपसच्या रुग्णांत बरंच काम झालं आहे, आणि आजार बिघडल्याचा ठोस नमुना त्यातून निघालेला नाही. कोविडच्या लसींनंतर थोड्या रुग्णांनी आजार वाढल्याचं सांगितलं. बहुतेकांचा त्रास सौम्य होता. मात्र अशा अभ्यासांत आजार शांत असलेले रुग्ण जास्त असतात. म्हणून आजार ऐन भरात असताना, मूत्रपिंड किंवा मेंदू धोक्यात असताना, घाईची नसलेली लस थोडी मागे ठेवणं शहाणपणाचं आहे. फ्लूची लस त्याला अपवाद मानतात, कारण साथ थांबून राहत नाही.

खरोखर थांबून विचार करावा असे पूर्वानुभव मोजके आहेत. फ्लूची किंवा धनुर्वाताची लस घेतल्यापासून सहा आठवड्यांच्या आत गियाँ-बारे झालेला असणं, एखाद्या लसीनंतर प्लेटलेट्स पडलेल्या असणं, आणि लसीनंतर लगेच घसा आवळून, रक्तदाब कोसळून जीव घाबरा होणारी तीव्र ॲलर्जी आलेली असणं. यातलं काही घडलं असेल तर त्या विशिष्ट लसीचा निर्णय तज्ज्ञांसोबत बसून घ्या. तेवढ्यासाठी बाकीच्या लसी आपोआप रद्द होत नाहीत.

चौथा टप्पा: न घेण्याची किंमत

लस न घेणं म्हणजे धोका शून्य, असा हिशेब मनात नकळत केला जातो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तो संसर्ग असतो, आणि आपल्यासारख्यांसाठी ते पारडं इतरांपेक्षा जड असतं. आमवात आणि ल्युपसच्या रुग्णांना नागीण जास्त होते. टोफासिटिनिबच्या गटातल्या गोळ्यांवर तर आणखी. ल्युपस असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाआधीचे बदल जास्त आढळतात, म्हणून एचपीव्ही लसीचं मोल त्यांच्यासाठी वाढतं. हिपॅटायटिस बी शरीरात दबून बसलेला असेल तर रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने तो उफाळून यकृत निकामी होऊ शकतं. म्हणूनच असं औषध सुरू करण्याआधी त्याची रक्ततपासणी करतात, आणि संसर्ग नसेल तर लस द्यायची हीच वेळ असते.

शिवाय संसर्गानेही आजार उचल खातो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये श्वसनाच्या संसर्गानंतर त्रास उलटतो. स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये न्यूमोनिया श्वासाचे स्नायू थकवून अतिदक्षता विभागापर्यंत नेऊ शकतो. आणि संसर्ग झाला की आजाराची औषधं काही काळ थांबवावी लागतात, तो फटका वेगळाच.

माझं मत स्पष्ट आहे: जिवंत नसलेल्या लसींच्या बाबतीत बहुतेक ऑटोइम्यून रुग्णांसाठी पारडं 'घ्या' या बाजूला झुकतं. जिवंत लसींसाठी उत्तर औषधांवर अवलंबून आहे.

पाचवा टप्पा: वेळ साधा

इथे सर्वाधिक फायदा मिळतो, आणि इथेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं.

नवा आजार नुकताच ठरला असेल आणि जोरकस औषध सुरू व्हायचं असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, 'आधी कोणत्या लसी घेऊन टाकू?' जिवंत नसलेली लस औषधाच्या निदान दोन आठवडे आधी आणि जिवंत लस निदान चार आठवडे आधी झालेली बरी. आजार अंगावर येत असेल तर मात्र लसीसाठी उपचार रोखून धरू नका. एका औषधाबाबत नियम कडक आहे: एक्युलिझुमॅब आणि त्याच्या गटातली औषधं मेनिन्गोकोकस या मेंदूज्वराच्या जंतूच्या संसर्गाचा धोका प्रचंड वाढवतात, त्यामुळे ती लस किमान दोन आठवडे आधी घ्यावी लागते. तेवढा वेळ नसेल तर अँटिबायोटिकच्या संरक्षणात उपचार सुरू करतात.

औषधं आधीपासून चालू असतील तर अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने, २०२२ साली केलेल्या शिफारशी चांगली दिशा देतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने फ्लूची लस घेतल्यावर, आजार शांत असेल तर, दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं. इतर जिवंत नसलेल्या लसींसाठी थांबवायची गरज नाही. कोविडच्या बूस्टरबाबत ब्रिटनमध्ये असाच प्रयोग झाला. दोन आठवडे औषध थांबवणाऱ्यांत अँटिबॉडी सुमारे दुपटीने वाढल्या, पण आजार वाढल्याच्या तक्रारीही त्यांच्यात जास्त होत्या. दोन्ही गोष्टी सांगून तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते ऐका.

रिटुक्सिमॅबवर असाल तर तारखा बघूनच पाऊल टाका. हे औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा मूळ साठाच संपवतं, आणि तो भरून यायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्यामुळे डोसनंतर लगेच घेतलेली लस बरीचशी वाया जाते. पुढचा डोस यायच्या सुमारास लस घ्यायची, आणि मग तो डोस निदान दोन आठवडे मागे सरकवायचा, ही रीत. फ्लूच्या लसीसाठी मात्र वाट पाहू नका. अँटिबॉडी कमी बनल्या तरी प्रतिकारशक्तीचा दुसरा हात, टी पेशी, बऱ्याच जणांत काम करतो.

प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर फ्लू सोडून इतर लसी डोस खाली येईपर्यंत मागे ठेवता येतात. १० मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर जिवंत नसलेल्या लसींना अडचण नाही. कुत्रा चावला किंवा मातीने माखलेली खोल जखम झाली तर यातलं काहीही लागू नाही: रेबीजची आणि धनुर्वाताची लस लगेच घ्यायची. फक्त प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत हे तिथल्या डॉक्टरांना सांगा, कारण रेबीजमध्ये साध्या ओरखड्यालाही तुम्हाला लसीसोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन लागू शकतं आणि डोसांचं वेळापत्रक बदलू शकतं.

जिवंत लस घ्यायचीच वेळ आली तर औषध आधी थांबवावं लागतं आणि नंतरही साधारण चार आठवडे बंद ठेवावं लागतं. मेथोट्रेक्सेट आणि अझाथायोप्रिनसाठी आधीचे चार आठवडे, रिटुक्सिमॅबसाठी निदान सहा महिने. एवढी मोकळीक आजार देईल का, हा कळीचा प्रश्न. बहुतेकदा उत्तर नाही असंच येतं.

सहावा टप्पा: डॉक्टरांशी बोलणं

लस देणारे आणि आजार सांभाळणारे डॉक्टर सहसा वेगळे असतात, आणि दोघांच्या मध्ये रुग्ण लोंबकळतो. आजाराच्या डॉक्टरांकडून 'या रुग्णाला अमुक लसी चालतील, अमुक नाहीत' असं दोन ओळींत लिहून घेतलं की निम्मा त्रास वाचतो. जुन्या लसींची नोंद आणि औषधांचा कागद घेऊन जा, आणि हे विचारा:

- माझ्या आजच्या औषधांवर कोणत्या लसी राहिल्या आहेत, आणि त्यातली आधी कोणती?
- यातली कोणती जिवंत आहे?
- लसीच्या आसपास कोणतं औषध थांबवायचं, किती दिवस, आणि परत सुरू कधी करायचं?
- त्या काळात आजार वाढला तर काय करू?
- लस लागू पडली का हे तपासता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लसीगणिक वेगळं असतं. हिपॅटायटिस बीमध्ये तपासणी उपयोगी आहे: शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० एककांच्या वर असतील तर संरक्षण मिळालं असं धरतात, नसेल तर पुन्हा डोस देतात. कांजिण्यांसाठी मात्र लसीआधीच तपासणी करून बघावी, कारण लहानपणी होऊन गेलेल्या असतील तर लसीचा प्रश्नच मिटतो.

सातवा टप्पा: लसीनंतरचे दिवस

दंड दुखणं, कणकण, अंगदुखी, थकवा हे एक ते तीन दिवस चालतं. आपल्याला ते आजाराच्या सुरुवातीसारखंच वाटतं, म्हणून घाबरायला होतं. फरक ओळखायला लसीआधीच्या आठवड्यात सकाळी सांधे किती वेळ आखडतात, किती सांधे सुजले आहेत, पुरळ कुठे आहे, हे लिहून ठेवा. तीन-चार दिवसांनंतरही त्रास वाढतच असेल, सांध्यावर दिसणारी सूज असेल, लघवीत फेस किंवा रक्त असेल, नजर किंवा हातापायातली ताकद बदलली असेल तर डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणं, धाप लागणं किंवा पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल घेऊन ठेवू नका. ताप आला, दुखू लागलं, की घ्या. टोचल्यावर १५ मिनिटं तिथेच बसा. पूर्वी तीव्र ॲलर्जी झालेल्यांनी ३० मिनिटं.

गरोदरपण, बाळ आणि प्रवास

गरोदरपणात जिवंत लसी कुणालाच देत नाहीत. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस ऑटोइम्यून आजार असलेल्या आईलाही चालते. खरी दक्षता बाळाबाबत हवी. इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून बाळाकडे जातं आणि काही महिने त्याच्या रक्तात राहतं. अशा एका बाळाला बीसीजी दिल्यावर ती शरीरभर पसरून त्याचा मृत्यू झाल्याची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. आई गरोदरपणात असं औषध घेत असेल तर जन्मानंतर कोणतीही लस देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना ते सांगा. बीसीजी सहसा सहा महिन्यांनंतर देतात, इन्फ्लिक्सिमॅब घेतलं असेल तर वर्षभरानंतर. जिवंत नसलेल्या लसी मात्र वेळेवरच.

पीतज्वराची लस जिवंत आहे. प्रमाणपत्र सक्तीचं असलेल्या देशात जायचं असेल तर 'ही लस वैद्यकीय कारणाने देता येत नाही' असं पत्र मिळू शकतं. पण पत्राने डासाचा धोका टळत नाही, म्हणून तिथे साथ असेल तर प्रवासच टाळावा. मायस्थेनियासाठी थायमस ग्रंथी काढलेल्यांना ही लस औषधं बंद असली तरी देत नाहीत.

जी लस घेता येत नाही, तिच्याऐवजी

घरातल्या इतरांनी आपल्या लसी पूर्ण करणं हे इथे मोठं संरक्षण आहे. त्यांना गोवर आणि कांजिण्यांची जिवंत लस घेतलेली चालते. कांजिण्यांच्या लसीनंतर कुणाच्या अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत थोडं लांब राहा. बाळाला रोटाव्हायरसची लस दिल्यावर काही आठवडे लंगोट दुसऱ्याने बदलावेत, किंवा हात साबणाने नीट धुवावेत. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस घरात टाळता येत असेल तर इंजेक्शनची मागा.

आणि तुमचा गोवराच्या किंवा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन गोवरासाठी सहा दिवसांच्या आत आणि कांजिण्यांसाठी दहा दिवसांच्या आत देता येतं, आणि जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. कांजिण्यांच्या बाबतीत ते मिळालं नाही तर अॅसायक्लोव्हिरच्या गटातली औषधं देता येतात. फोनवर औषधांची यादी वाचून दाखवा आणि संपर्क नेमका कोणत्या दिवशी आला ते सांगा.